अडीच किलो

नवतपा लागायच्या आठवडाभर आधी
कूलर बाहेर निघाला की जिन्याखालची जागा रिकामी होते.
तेवढेच काही महिने दिसतं तिथं काय आहे:
इन्व्हर्टर, त्याच्या डोक्यावर कोळिष्टक,
उरलेल्या फरश्या, एका पायाचा स्टँड,
आणि गेल्या वर्षीच्या खसचा वास,
जो कुणीच तिथं ठेवला नव्हता.

जुनं दार सागाचं.
उघडायला खांदा लागायचा.
यांचा उजवा खांदा दिवाळीपासून
स्वतःच्याच हाताला ओळखत नाही.
डाव्यात जोर आहे तो कपभर चहाएवढा,
तोही अर्ध्या कपाच्या.
तरी लाइट गेली की टॉर्चसाठी हेच उठतात.
मी उठले की रागावतात,
रागावले की शब्द अडकतो,
मग आम्ही दोघंही त्या शब्दाची वाट बघत
अंधारात उभे.

लकडगंजहून हेडाऊ आले, लूनावर.
जिन्याचा तिरपा त्यांनी मोजलाच नाही.
फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा भिंतीला लावला,
कानामागची पेन्सिल ओढली, ब्लेडनं कापला.
"भित सरळ नसते बाई. टेप लबाड बोलते,
पुठ्ठा नाही बोलत."
तीन दारं ठरली: एक माझ्या उंचीचं,
एक कमरेएवढं,
शेवटचं गुडघ्याएवढं, त्रिकोणी.

मी म्हटलं, हलकं हवं.
म्हणाले, करू की हलकं.
मी म्हटलं, दोन बोटांनी उघडेल इतकं.
"दरवाजाले वजन पाह्यजे जी.
वजन नाही तं थो पडदा झाला."
मी काही बोलले नाही.
आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.
एक पाऊल.
मग बराच वेळ.
मग दुसरं.
हेडाऊंनी पेन्सिल पुन्हा कानामागं ठेवली.

चार दिवस अंगणात काम. सहाला येत,
दहाला डोक्याला दुपट्टा गुंडाळून परत जात.
शिवणीच्या बोटभर पट्ट्यांची चौकट,
चौकटीत पुठ्ठ्याच्या कड्या उभ्या चिकटवलेल्या,
मधमाशीच्या पोळ्यासारख्या,
दोन्ही अंगांनी पातळ प्लाय,
इन्व्हर्टरला श्वास म्हणून खाली भोकांची ओळ,
आणि पावसात फुगंल म्हणून
काडीपेटीच्या काडीएवढी फट.
पुठ्ठा कमी पडला तेव्हा
मी दवाखान्याच्या दोन फायली दिल्या,
आतले कागद काढून.
त्या आता मधल्या दारात आहेत.
यांना सांगितलेलं नाही.

रद्दीवाल्याच्या काट्याला मोठं दार टांगलं.
अडीच किलो.
हेडाऊ दोनदा वाकून काटा वाचून आले.
जुनं दार रद्दीवाल्यानंच नेलं,
किलोवर नाही, नगावर.

यांनी डाव्या हाताची दोन बोटं लावली.
उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.
टॉर्च काही घेतली नाही.

रात्री कूलर लावला.
हवा हॉलमधून वळून जिन्यापाशी गेली
आणि तिन्ही दारं आपापल्या मर्जीनं
उघडायला लागली. टप्. टप्. टप्.
हेडाऊ फोनवर म्हणाले, "सांगतलं होतं न?
चुंबक लावून देतो."
चुंबक लागला. दोन बोटांना दाद देईना.
चुंबक काढला.

आता रोज साडेदहाला
हे औषधाच्या दुकानाची पावती घेतात,
मांडीवर ठेवून एका हातानं घडी घालतात,
घडीवर घडी, नखानं दाबून,
आणि मोठ्या दाराच्या फटीत खोचतात.
मग मधल्या दारासाठी दुसरी पावती.
पावत्या काही कमी नाहीत.

तिसऱ्यापर्यंत यांना वाकता येत नाही.
मला येतं.
मी वाकत नाही.
रात्रभर ते टप् टप् करतं,
त्यात काय ठेवायचं
तेही अजून ठरलेलं नाही.